गृहकर्जावर सही करण्याआधी बँकेकडून कोणता कागद मागायचा?

नागपुरात बेसाला फ्लॅट घेताय आणि बँक फक्त व्याजदर अन् हप्ता सांगतेय, असं तुम्ही लिहिलंय. ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटी आणि सगळा खर्च एकत्र दाखवणारं पत्रक, मागाच. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या गृहकर्जाला ते बंधनकारक आहे, तेही तुम्हाला समजेल अशा भाषेत. मराठीत हवं असेल तर अडून बसा.

आधी ‘एपीआर’ची ओळ बघा: व्याजात प्रोसेसिंग फी, लीगल, विमा सगळं धरून पडणारा खरा वार्षिक दर. माझ्या भावाच्या मनीषनगरच्या फ्लॅटला विम्याचा हप्ता कर्जातच घातलाय, हे त्याला तिथेच कळलं. या पत्रकात नसलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. विचाराला किमान ३ कामाचे दिवस मिळतात, त्यामुळे ‘आजच सही करा’ म्हणाले तरी कागद घरी आणा.