एल निनो आला म्हणजे दुष्काळच का?

एल निनोचं वर्ष म्हटलं की आमच्याकडे लोक बियाणंसुद्धा हात राखून घेतात. दुष्काळ नक्की धरायचा का? (लातूर)

नक्की नाही धरायचा. धोका वाढतो, एवढं खरं. पेरूच्या किनाऱ्यापासून मध्य प्रशांत महासागरापर्यंत विषुववृत्तालगतचं पाणी सरासरीपेक्षा अर्धा अंश किंवा त्याहून जास्त तापलं आणि काही महिने तसंच राहिलं, की तो एल निनो. एरवी इंडोनेशियाच्या बाजूला वर चढणारी दमट हवा मग पूर्वेकडे सरकते. आपल्याकडे हवा खाली बसू लागते आणि खाली बसणाऱ्या हवेत ढग वाढत नाहीत. दोन ते सात वर्षांनी असं होतं, पण ठरलेली पाळी नाही.

१९७२ च्या दुष्काळाच्या वेळी एल निनो होता. २००२ मध्ये तो मध्यमच होता, तरी देशात जुलैचा जवळपास निम्मा पाऊस बुडाला. उलट १९९७ चा एल निनो विसाव्या शतकातल्या सर्वांत जोरदारांपैकी एक, आणि पाऊस सरासरीच्या १०२ टक्के! पाणी किती तापलं याइतकंच ते कुठे तापलं हेही बघावं लागतं. १९९७ ला ते मुख्यतः पूर्वेला, पेरूच्या बाजूला तापलं होतं. २००२ ला मध्य प्रशांतात, म्हणजे आपल्याला जास्त त्रासदायक जागी.

शिवाय हिंदी महासागराचं स्वतःचं चक्र आहेच. आफ्रिकेच्या बाजूचं पाणी गरम आणि सुमात्राकडचं थंड असेल, तर बहुधा आपला फायदा होतो. याला डायपोल म्हणतात. १९९७ ला तो आपल्या बाजूने होता. २०१९ लाही. त्या वर्षी जूनमध्ये देशात पाऊस एक तृतीयांश कमी होता आणि हंगाम संपला ११० टक्क्यांवर. बातम्यांत मात्र एल निनोचा मोठा मथळा आणि डायपोल शेवटच्या ओळीत. हे काही मला पटत नाही.

पेरणीनंतर पावसाने तीन आठवडे ओढ दिली, आणि हंगामाच्या शेवटी म्हणे सरासरी गाठली! (बीड)

सरासरी चार महिन्यांची असते, पीक तितकी वाट बघत नाही. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला, पाऊस ३६ टक्के कमी. हंगाम तरीही ९४ टक्के. विषुववृत्तावरून ढगांचा एक अवाढव्य पट्टा ३० ते ६० दिवसांत पूर्वेकडे फेरी मारतो. तो पुढे निघून गेला की आपल्याकडे खंड पडण्याची शक्यता वाढते. खंडात कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी जातो. तिकडे बिहार-आसामात नद्या फुगतात आणि इकडे सोयाबीन माना टाकतं. हवामान खातं दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज देतं. त्यातले पहिले दोन आठवडे जरूर बघा.

पृथ्वीचं तापणं हेही सूर्याचं चक्रच ना? (पुणे)

नाही. सौरडागांचं चक्र ११ वर्षांचं, त्यात सूर्याची ऊर्जा जेमतेम ०.१ टक्का वरखाली होते. हिमयुगं आणणारे पृथ्वीच्या कक्षेतले आणि आसातले बदल २३ हजार, ४१ हजार, एक लाख वर्षांचे. हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत २८० भागांवरून ४२० च्या पुढे गेला तो दोन-अडीच शतकांत, आपल्या धुरामुळे.

मृगाचा पाऊस आता मृगात येत नाही. नक्षत्रं चुकतात का? (माण, सातारा)

नक्षत्रं ताऱ्यांवरून मोजतात, त्यामुळे ऋतूंच्या मानाने ती साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकतात. तीनशे वर्षांत चार दिवस. त्याने काही बिघडत नाही. पण माणला मृगाचा भरवसा पूर्वी तरी कुठे होता? ढग महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरवर ओततात आणि घाट उतरून तुमच्याकडे येईपर्यंत रिते होतात. माणच्या वाट्याला वर्षाला पाचशेच्या आसपास. तुमचा खरा पाऊस सप्टेंबरचा, उत्तरा आणि हस्ताचा, बंगालच्या उपसागराकडून येणारा. तेव्हा मृगाचं वाहन बेडूक की म्हैस ते राहू द्या. खरिपाला ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोलवर गेल्याशिवाय पेरू नका, आणि रब्बी ज्वारीचा हिशेब हत्तीच्या, म्हणजे हस्त नक्षत्राच्या, पावसावर ठेवा.