मोडी शिकताय? आधी एकच वळण धरा

मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदपत्रांची लिपी, शिकताना गोंधळ होतोय असं तुम्ही म्हणालात. यादवकालीन ते आंग्लकालीन सगळी वळणं, म्हणजे त्या त्या काळची अक्षराची धाटणी, तुम्ही एकदम शिकायला काढलीत, गोंधळ तिथेच झालाय. सध्या फक्त पेशवेकालीन धरा. बोरूने लिहिलेलं ते अक्षर बरंच आखीव असतं, नवख्याला झेपतं.

आणि वाचायच्या आधी लिहा. नवशिके हे हमखास टाळतात. आडवी रेघ आधी पूर्ण ओढायची, मग तिच्याखाली अक्षरं, शक्यतो हात न उचलता. रोज चार ओळी, मजकूर तुमचाच. काना अक्षराला कसा जोडला जातो ते हाताला कळलं की डोळ्यालाही ओळखू येतं.

वाचताना एवढं सांभाळा:
- शब्द सुटे नसतात. कुठे तोडायचं ते अर्थावरून ठरवा.
- ऱ्हस्व-दीर्घ पाहू नका. 'दिन' आणि 'दीन' सारखेच दिसणार.
- अक्षर अडलं तर टिंब देऊन पुढे जा. बहुतेकदा तेच अक्षर खाली कुठेतरी स्वच्छ सापडतं.

शुहूर सन (जुन्या कागदांतली कालगणना), फारसी शब्द, लघुरूपं यांच्या याद्या आत्ता पाठ करू नका, खरंच. एक पान अडखळत का होईना, पूर्ण वाचून झालं की त्यांच्याकडे वळू. जमेल तुम्हाला.