संभाजीनगरजवळ फेब्रुवारी-मार्चमध्ये शांतपणे चालायला कुठे जावं?

तुम्ही लिहिलंय की हॉर्न, लग्नाचे डीजे आणि शेजारचं बांधकाम यांनी डोकं उठलंय, एखादी सकाळ नुसतं झाडांतून चालायचंय. माझ्या मते गाव किती लांब सोडलं याला फारसा अर्थ नाही. मध्ये डोंगर आडवा येतो का ते बघा.

थंडी सरताना पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि तिच्यावरची जरा ऊबदार असते. त्यामुळे रस्त्याचा आवाज वर निघून न जाता परत खाली वळतो, आणि उघड्या माळावर दूरच्या ट्रकची घरघरही कानाशी येते. औरंगाबाद लेण्यांच्या पायऱ्यांवर तेच. तिथून मकबरा दिसतो, शहर दिसतं. मग शहर ऐकूही येणारच. हिमायतबागेत सावली छान, पण ती पडली शहराच्या पोटात.

म्हणून कन्नडला जा, गौताळ्यात. १९८६ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य साधारण २६० चौरस किलोमीटरचं आहे. औट्रम घाटाच्या बाजूला मात्र रेंगाळू नका, सोलापूर-धुळे महामार्ग तिथूनच उतरतो आणि प्रत्येक वळणावर हॉर्न वाजतो. पितळखोऱ्याची वाट धरा. लेणी दरीत कोरलेली आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीची. पायऱ्या उतरायला लागलात की कडे वरचा आवाज अडवतात.

जंगल चिडीचूप असेल असं मात्र समजू नका. पानगळ झालेली असते, सागाची वाळली पानं पायाखाली पापडासारखी वाजतात आणि तिथला सगळ्यात मोठा आवाज आपलाच असतो. थोडं चालायचं, थांबायचं. थांबलं की तांबट पक्ष्याची टुकटुक सुरू होते. आणि फुललेला पळस दिसला तर त्याच्याजवळ बसाच. होळीच्या आसपास झाडावर पान नसतं, नुसती केशरी फुलं, आणि मधासाठी शिंजीर, बुलबुल, कोतवाल, साळुंक्या यांची नुसती भांडणं. ज्वारीवर थव्याने उतरणाऱ्या भोरड्याही परतीला लागण्याआधी इथे येतात. त्यांना पळसमैना उगं नाही म्हणत. एवढा कलकलाट मला डीजेच्या एका गाण्यापेक्षा कितीतरी बरा वाटतो.

गवत वाळलेलं असतं, त्यामुळे लोकरी मोजे घालू नका. कुसळं घुसली की दिवसभर उपटत बसाल. अत्तर, बॉडीस्प्रे घरी ठेवा, कड्यांच्या कपारीत आग्यामोहोळं असतात. बिबट्याही आहे, आणि २०२१ च्या मार्चमध्ये यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून चालत आलेला एक वाघ इथे कॅमेऱ्यात सापडला होता. घाबरण्यासारखं काही नाही, पण एकट्याने वाट सोडून आत शिरू नका, आणि फाटकावरच्या वनरक्षकाला विचारूनच पुढे जा. दहाच्या आत माघारी फिरा, नंतरचं ऊन आपलं मराठवाड्याचं.

रविवारी गाड्या येतात, लोक स्पीकरही आणतात. मधला वार निघत असेल तरच एवढा प्रवास करा.

धाराशिव-लातूरकडून कुणी हे वाचत असेल तर त्यांना येडशीचं रामलिंग जवळ पडेल. तिथेही घाट आहे, झाडी आहे. फक्त सोमवार आणि महाशिवरात्र टाळा, आणि माकडांसमोर पिशवी उघडू नका.