गाडी धुण्याच्या गाड्यात एफडी घालावी का?

प्रश्न : वय ३४. नाशिकला अंबडच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, हातात २९,५०० येतात. घरखर्च २४ हजार. पत्नी घरी ब्लाउज शिवते, दोन मुलं आहेत. बँकेत २ लाख ४० हजारांची एफडी आहे. पाथर्डी फाटा, इंदिरानगर भागातल्या सोसायट्यांत जाऊन कार धुवायचा फिरता गाडा बनवायचा आहे. मेहुण्याचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, त्याने १ लाख ८५ हजारांचं कोटेशन दिलंय. गाडा माझ्याच मोटरसायकलला जोडणार. कारमागे २५० रुपये, दिवसाला दहा गाड्या, म्हणजे महिन्याला ६५ हजार. कुंभमेळ्यातल्या जादा गाड्यांचा आकडा वेगळाच. नोकरी सोडू का? पैसे एफडी मोडून घालू, मुद्रा कर्ज काढू की दागिने गहाण ठेवू?

उत्तर : कोटेशन पाठवलंत हे फार बरं केलंत. त्यातल्या चारही ओळी वाचल्या. फ्रेम, चाकं आणि ३०० लिटरची टाकी ५२ हजार, प्रेशर वॉशर ३४ हजार, पेट्रोल जनरेटर ४५ हजार आणि हूड, एलईडी, बोर्ड, व्हॅक्यूम, 'इतर' मिळून ५४ हजार. प्रत्यक्ष गाडी धुणारं यंत्र ३४ हजारांचंच आहे. बाकीचे दीड लाख ते यंत्र, पाणी आणि वीज सोबत घेऊन फिरण्यासाठी आहेत. मला अडचण तिथेच दिसते.

लिटरभर पाणी म्हणजे किलोभर वजन. टाकी भरली की ३०० किलो, त्यावर फ्रेम आणि जनरेटर. एवढं ओझं मोटरसायकलमागे लावून पाथर्डी फाट्याच्या गर्दीत ब्रेक मारून बघा, म्हणजे खरं तर बघूच नका. आरटीओच्या नोंदीत नसलेला बदल केलेली गाडी रस्त्यावर आणली, तर अपघातानंतर विमा कंपनी पहिलं बोट त्यावरच ठेवते. आणि एवढं करून त्या पाण्यात गाड्या किती होतील? तुमचं मशीन मिनिटाला सातेक लिटर पाणी घेतं. एका कारला गनचा ट्रिगर आठ मिनिटं दाबलेला राहतो असं धरलं, तरी ५६ लिटर गेले. म्हणजे टाकीत पाच गाड्या. दहा गाड्यांसाठी दुपारी पुन्हा कुठेतरी टाकी भरायला जावं लागणार, आणि ती कुठे भरणार हे तुमच्या पत्रात नाही. (दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या फवारणीला असतो तसा एचटीपी पंप स्वस्तात बसवायचा मोह होईल. तो मिनिटाला याच्या तिप्पट पाणी ओढतो. टाकीवर चालणाऱ्या धंद्यात तो नको.)

उलट सोसायटीचाच नळ आणि पार्किंगमधला १६ अँपिअरचा पॉइंट मिळाला, तर टाकीही नको आणि जनरेटरही नको. दोन किलोवॉटचं मशीन पंधरा मिनिटं चाललं तर अर्धं युनिट वीज जळते. त्याचे पैसे सोसायटीला रोख मोजा, वर महिन्याला थोडं पाणीभाडं द्या. चेअरमनशी हे बोलणं जमवणं हीच तुमची खरी गुंतवणूक आहे. आमच्या सोसायटीत असाच एक मुलगा यायचा. काम चोख, पण लिफ्टसमोर पाणी साचायचं. एका आजोबांचा पाय घसरला आणि दोन महिन्यांत कमिटीने गेट बंद केलं. मशीनचे हप्ते त्याचे चालूच होते.

आता दहा गाड्यांचं बघू. पाइप पसरणं, फोम, धुणं, पुसणं, आवरणं, पुढच्या बिल्डिंगला जाणं, यात एका माणसाचे पाऊण तास जातात. शिवाय सोमवार ते शुक्रवार दहा वाजता पार्किंग रिकामं असतं, गाड्या मालकाबरोबर ऑफिसला गेलेल्या असतात. जूनपासून चार महिने बरेच जण म्हणतील, 'पाऊस धुतोय की!' आणि एप्रिल-मेमध्ये टँकर सुरू झाले की कमिटी आधी गाड्या धुणंच बंद करते. बेंगळुरूत मार्च २०२४ मध्ये पिण्याचं पाणी गाडी धुवायला वापरल्यास पाच हजारांचा दंड लावला होता. कुंभमेळ्याचाही उल्लेख तुम्ही केलाय. २०२७ च्या पर्वण्यांना बाहेरच्या गाड्या शहराबाहेरच्या वाहनतळांवर अडवतील, तुमच्या गिऱ्हाइकांच्या गाड्या पार्किंगमधून हलणारही नाहीत. तो आकडा वहीतून खोडा.

शाम्पू, कापडं, वीज, पाणीभाडं, येणं-जाणं, गनची आणि पंपाच्या सीलची दुरुस्ती, सगळं धरून गाडीमागे ५० रुपये खर्च समजा. उरले २००. नोकरी सोडल्यावर फक्त २९,५०० भरून काढून भागणार नाही. पीएफमधला कंपनीचा वाटा जातो, कुटुंबाचा कंपनीवाला मेडिक्लेम जातो, तो स्वतःच्या खिशातून घ्यावा लागतो. म्हणून ३३ हजार धरू. ३३ हजार भागिले २०० म्हणजे महिन्याला १६५ गाड्या. सव्वीस दिवस, रोज सहा-सात, पावसाळ्यातही आणि तुम्हाला ताप आला तरीही. आणि तुमची खरी स्पर्धा बादली-फडकं घेऊन महिन्याच्या ठरावीक पैशांत रोज गाडी पुसणाऱ्या माणसाशी आहे. त्याची गुंतवणूक शंभर रुपये आहे.

तेव्हा नोकरी आत्ता सोडू नका. पण बेत टाकूनही देऊ नका.

एफडीतले सहा महिन्यांच्या घरखर्चाचे १ लाख ४४ हजार बाजूला राहू द्या, त्यांना हात नाही. उरतात ९६ हजार. त्यातले ५५ ते ६० हजार वापरा. इंडक्शन मोटरचं मशीन घ्या. कार्बन ब्रशवालं घरगुती मशीन दिवसभर चालवायचं नसतं. एक चाकांची ट्रॉली, लांब होज, जाड केबल, पाण्याच्या तोंडाशी फिल्टर, लहान व्हॅक्यूम. कोरडा पंप चालला तर सील जळतं, म्हणून नळ गेला की आधी मशीन बंद. सोसायटीतल्या गाड्यांमध्ये पुन्हा रंग मारलेली एखादी असतेच. गन जवळ नेली की त्याचा पापुद्रा उडतो आणि भरपाई तुमच्या गळ्यात. धुण्याआधी मोबाइलवर चार फोटो काढायची सवय लावा.

तुमची साप्ताहिक सुट्टी शनिवारी आहे. शनिवारी सकाळी सहा गाड्या आणि रविवारी पहिली पाळी सुटल्यावर तीन. आठवड्याला नऊ, हातात १,८०० म्हणजे महिन्याला साधारण सात हजार. आठ-नऊ महिन्यांत मशीनचे पैसे सुटतात, आणि बुडालं तरी घर हलत नाही. महिन्याच्या बांधलेल्या गिऱ्हाइकांवर भर द्या. टूरवाले, जुन्या गाड्यांचे डीलर, स्कूलबसवाले यांनाही विचारा. त्यांच्या गाड्या कामाच्या दिवशीही मिळतात. एक पूर्ण पावसाळा धरून सलग सहा महिने सुट्टीच्या गाड्या पूर्ण भरल्या आणि वर वीस-पंचवीस जण वाट पाहत असले, तर मग राजीनाम्याचं बोलू.

कर्जाचं थोडक्यात सांगतो. मुद्राच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत मिळतात, तुमचं कोटेशन त्याच्या वरच्या किशोर गटात जातं. तीन वर्षांसाठी १२ टक्क्यांनी दीड लाख घेतले तर हप्ता जवळपास पाच हजार, म्हणजे दरमहा २५ गाड्या फक्त बँकेसाठी धुवायच्या. दागिन्यांचं मी ठरवणार नाही, तुम्हीही ठरवू नका. ते ज्यांचे आहेत त्यांना विचारा. माझं मत विचाराल तर कपाटातच राहू देत. उद्यम नोंदणी (लहान धंद्याची सरकारी नोंदणी) मात्र आजच करा, ती मोफत आहे. जीएसटी सेवांना वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपुढे लागतो, तिथवर पोचलात की पुन्हा लिहा.

मेहुण्याला दुखवू नका, कामही त्यालाच द्या. फक्त आत्ता ट्रॉली सांगा आणि बिल घ्या, पुढे बँकेला दाखवायला लागेल. टाकीसाठी मागे दीड फूट जागा रिकामी ठेवायला सांगितलंत तर तोही खूश राहील.