आपल्या जिनिंगमध्ये एली व्हिटनीचंच यंत्र असतं का?

नाही, बहुतेक ठिकाणी नसतं. माझे बाबा यवतमाळकडच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी (बी) वेगळी काढणाऱ्या कारखान्यात, फिटर होते. सरकी काढायचं यंत्र व्हिटनीने शोधलं असं शाळेत वाचून मी त्यांना तुमचाच प्रश्न विचारला होता. ते म्हणाले, "त्याची करवत. आपल्याकडे रोलर."

सरकी काढायची लाकडी चरखी आपल्याकडे कित्येक शतकं होती. उसाच्या चरकासारखे दोन रूळ. रुई पलीकडे ओढली जाते, जाड सरकी अलीकडेच पडते. अमेरिकेलाही असे रूळ माहीत होते, पण ते समुद्रकाठच्या लांब धाग्याच्या कापसाला चालत, कारण त्याची सरकी गुळगुळीत. आतल्या मुलखातल्या आखूड धाग्याच्या कापसाची सरकी हिरवट, लवदार, धागा घट्ट धरून बसणारी. हाताने दिवसाकाठी जेमतेम अर्धा किलो रुई निघे.

१७९३ मध्ये व्हिटनी जॉर्जियात, सव्हानाजवळ कॅथरीन ग्रीन यांच्या मळ्यावर राहत होता. तिथे त्याने हे यंत्र जुळवलं. फिरत्या लाकडी ओंडक्यावर तारेचे दात (बाबा म्हणाले ती 'करवत' हीच) आणि समोर बारीक फटींची जाळी. दात फटीतून रुई ओढून नेतात, सरकी फटीत मावत नाही म्हणून मागे राहते. दातांत अडकलेली रुई एक उलटा फिरणारा ब्रश झाडून टाकतो. मला विचाराल तर खरी अक्कल त्या फटीच्या मापात आहे.

पेटंट १४ मार्च १७९४ चं. पण यंत्र विकायचं सोडून त्याने आणि भागीदार मिलरने रुई काढून देण्याचे दोन-पंचमांश कापूस मागायला सुरुवात केली. गावचा लोहार बघून बनवेल असं यंत्र, एवढा वाटा कोण देणार? नकला झाल्या, कोर्टकचेऱ्या १८०७ पर्यंत चालल्या, तोवर पेटंटची मुदतच सरत आली. सरकी झटपट निघू लागली तरी कापूस वेचायचा हातानेच, आणि ते हात गुलामांचे. १७९० मध्ये अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते, १८६० मध्ये जवळपास ४० लाख.

आपल्याकडचं यंत्र अलाबामाच्या फोन्स मॅकार्थीच्या १८४० च्या पेटंटवरून आलेलं. चामड्याचा रोलर धाग्याला चिकटून त्याला स्थिर पात्याखालून ओढतो, हलतं पातं सरकीला टोले देऊन सोडवतं. काम करवतीपेक्षा संथ, पण धागा कमी तुटतो. रोलर घासून गुळगुळीत झाला की रुई धरत नाही, मग चामड्याला पुन्हा खाचा पाडायच्या. बाबांचा अर्धा हंगाम त्यातच जायचा.

दोन्ही यंत्रांतून निघालेल्या सरकीवर बारीक लव उरतेच. पेरताना दाणे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून आजी ती शेण-मातीत चोळायची. पाकिटातलं बी काळं, गुळगुळीत दिसतं ते लव तीव्र गंधकाम्लाने जाळून बी धुतल्यामुळे. किलोला साधारण १०० मिली, दोन-तीन मिनिटं, तेही प्लास्टिकच्या भांड्यात. घरी करून बघू नका, बाबांच्या सदऱ्याला पडलेली भोकं मी पाहिली आहेत.