खिडकीतलं ऊन, वर्षाचं इंजेक्शन आणि लाल अक्षरातला आकडा

प्रश्न : घरूनच काम करतो. टेबल खिडकीला लागून आहे, रोज सकाळी दोन तास ऊन थेट अंगावर येतं. तरी रक्तात ड जीवनसत्त्व ११ निघालं. लॅबची चूक असेल का?

लॅबला दोष देऊ नका, दोष काचेचा आहे. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होतं ते अतिनील-ब किरणांमुळे, आणि साधी काच ते जवळजवळ सगळे अडवते. ऊब आत येते, उजेड येतो, कामाचं तेवढं बाहेर राहतं. काच उघडी ठेवली तरी सकाळचं तिरपं ऊन फारसं उपयोगी नाही, कारण त्याला वातावरणाचा जाड थर ओलांडून यावं लागतं आणि तेवढ्यात ओझोन हे किरण शोषून घेतो. कोवळ्या उन्हाचं कौतुक आपल्या मनात खोल रुजलंय, पण या कामाला ते कच्चं पडतं. ओळखायची सोपी खूण म्हणजे आपली सावली : ती आपल्या उंचीपेक्षा लांब पडत असेल तर ड जीवनसत्त्व नगण्यच तयार होतं. विषुववृत्तापासून लांबच्या प्रदेशांत हिवाळ्यात भरदुपारीही सावली लांबच असते. बॉस्टन शहर ४२ अंश उत्तरेला आहे. तिथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी उघड्यावर उभं राहिलं तरी त्वचेत ते तयार होत नाही, हे १९८८मध्येच दाखवून झालंय. रात्रपाळी, तळघरातलं काम, पूर्ण अंग झाकणारे कपडे, सावळी त्वचा, यांपैकी काही जोडीला असेल तर तूट वाढते.

रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये १२ नॅनोग्रॅमच्या खाली म्हणजे खरी कमतरता. डॉक्टर बहुधा काही आठवडे मोठा डोस देतील आणि मग रोजच्या लहान डोसवर आणतील. प्रौढाची रोजची गरज ६०० युनिट, सत्तरीनंतर ८००. गोळी जेवणानंतर घ्या. हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थाबरोबर चांगलं शोषलं जातं. फेरतपासणी तीन महिन्यांनी. त्याआधी पातळी स्थिरावत नाही, पैसे मात्र जातात.

प्रश्न : आईचं वय ८०, दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेली आहे. रोज गोळी देण्याची कटकट नको म्हणून वर्षातून एकदाच मोठं इंजेक्शन द्यावं, असं कोणी सुचवलं. चालेल?

माझं उत्तर ठाम नाही असं आहे. सत्तरी ओलांडलेल्या दोन हजारांहून अधिक स्त्रियांवर ऑस्ट्रेलियात हाच प्रयोग झाला होता : वर्षातून एकदा ५ लाख युनिट, तोंडाने. हाडं मोडण्याचं प्रमाण कमी व्हायला हवं होतं. २०१०मध्ये निकाल आला तेव्हा उलटंच दिसलं. डोस घेतलेल्या स्त्रिया जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. शरीराला हे जीवनसत्त्व थोडंथोडं मिळायची सवय आहे, पोतं ओतून घ्यायची नाही.

रोजची गोळी विसरली जात असेल तर सात दिवसांचा हिशोब करून आठवड्याला एक डोस ठेवा. वार ठरवला की लक्षात राहतं. आई मांड्या किंवा कंबर दुखते म्हणत असेल, धरून उभं करतानाही पायात जोर येत नसेल, तर ‘वयच झालं’ म्हणून सोडून देऊ नका. हाडं मऊ पडल्याची ती लक्षणं असू शकतात. कॅल्शियम, फॉस्फरस आणि मूत्रपिंडाची तपासणी करून घ्या. मूत्रपिंड थकलेलं असेल तर साधी गोळी पुरत नाही, कारण या जीवनसत्त्वाला अखेरचं सक्रिय रूप तिथेच मिळतं.

प्रश्न : माझा आकडा २४. रिपोर्टवर लाल अक्षरात ‘अपुरं’ लिहिलंय. थकवा आहे, केसही गळतात.

त्या लाल शाईची एक गोष्ट आहे. २०११मध्ये अमेरिकेत दोन मोठ्या संस्थांनी दोन वेगळ्या रेषा आखल्या. एक म्हणाली २० पुरेसे, दुसरी म्हणाली ३० हवेत. अनेक लॅबनी ३०ची रेषा उचलली आणि धडधाकट माणसं एका रात्रीत आजारी ठरली. ३० म्हणणाऱ्या एंडोक्राइन सोसायटीने २०२४मध्ये ती रेषा मागे घेतली आणि निरोगी प्रौढांनी ही तपासणी सरसकट करू नये असंही सांगितलं. तुमच्या हाडांना २४ पुरतात.

थकव्यासाठी आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि झोप बघा. पंचवीस हजारांवर लोकांना वर्षानुवर्षं रोज २,००० युनिट किंवा औषध नसलेली नकली गोळी देऊन पाहिलंय. कर्करोग, हृदयविकार कमी झाले नाहीत. मुळात कमतरता नसलेल्यांचे अस्थिभंगही नाहीत. ज्याच्याकडे नाही त्याला या गोळीचा उपयोग आहे, ज्याच्याकडे आहे त्याला फारसा नाही.

प्रश्न : मी २,०००ची गोळी, मल्टिव्हिटॅमिन आणि हाडांसाठी कॅल्शियम असं तिन्ही घेते. पूर्वी मुतखडा झाला होता.

तिन्ही डब्या समोर ठेवून बेरीज करा. लेबलवर मायक्रोग्रॅम असेल तर ४०ने गुणा. २५ मायक्रोग्रॅम म्हणजे १,००० युनिट. देखरेखीशिवाय रोज ४,०००च्या वर जाऊ नये. उन्हातून जास्तीचं झालं तर त्वचा स्वतःच ते मोडून टाकते, गोळीला तशी खीळ नसते. खूप तहान, उलट्या, बद्धकोष्ठता, गोंधळलेपण ही कॅल्शियम चढल्याची लक्षणं. तुमच्या बाबतीत मला ड जीवनसत्त्वापेक्षा कॅल्शियमच्या गोळीची जास्त काळजी वाटते. ती चालू ठेवायची का, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

प्रश्न : डी३ शाकाहारी असतं का?

बहुतेक डी३, म्हणजे गोळ्यांत सहसा असतं ते ड जीवनसत्त्व, मेंढीच्या लोकरीवरल्या मेणापासून बनतं. दगडफुलासारख्या शैवाकापासून केलेलंही मिळतं, लेबल वाचा.

प्रश्न : बाळ तीन महिन्यांचं आहे, फक्त अंगावर पितं. त्यालाही लागतं?

हो, रोज ४०० युनिट. आईच्या दुधात इतर जवळजवळ सगळं असतं, हे मात्र फार थोडं. एक सांभाळा : काही थेंबांत ४०० युनिट एका थेंबात असतात, तर काहींत एक मिलिलिटरमध्ये. बाटली बदलली की लेबल पुन्हा वाचा, जुन्या सवयीने ड्रॉपर भरू नका.