खोक्यातल्या गाडीला किक बसत नाही

पोरी,

पत्र वाचलं, फोटो पाहिले. इंजिनावरचा डब्ल्यूएम20 वाचता येतोय, म्हणजे युद्धकाळातली बीएसए एम20 आहे, ब्रिटिश लष्करी मोटरसायकल. पुढचे आकडे फ्रेमवरच्या आकड्यांशी जुळत नाहीत म्हणून तू हिरमुसलीस. हिरमुसू नकोस. दुसऱ्या महायुद्धात या गाड्या लाखाच्या वर बनल्या आणि लष्करी कार्यशाळांत एकीचं इंजिन दुसरीला सर्रास बसायचं. गाडी खोटी आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

पण तुझ्या पत्रातला पहिला प्रश्न रंगाचा. मग पावडर कोटिंगचा. मग निकेल-क्रोमचा, सीटच्या चामड्याचा, टाकीवरच्या रेघेचा. आणि अगदी शेवटी, जाता जाता, "पिस्टन जाम आहे, किक खाली जात नाही." आधी कळस मग पाया म्हणतात ते हेच. एक जण सांगतो नट न् नट सुटा कर, दुसरा म्हणतो हात लावू नकोस, मूळ गंजच मोलाचा, तिसरा म्हणतो विकून टाक. आणि तू एवढ्या दिवसांत पाना उचललेला नाहीस. तिघांपैकी एकाचीही गाडी चालू आहे का, हे विचारलंस का कधी?

तुला जमेल की नाही, यावर मी एक ओळही लिहिणार नाही. जमिनीवर आडवं पडून चिखल खरवडून नंबर वाचणाऱ्या माणसाला तसल्या धीराची गरज नसते. माझं म्हणणं एकच आहे आणि कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे: एक मिटल्याशिवाय दुसरं उघडू नकोस.

हे मला कोणी शिकवलं नाही. माझ्याकडे एक गाडी खोक्यांतून आली. ज्याची होती त्याने मोठ्या हौसेने ती शेवटच्या वॉशरपर्यंत मोकळी केली होती. फ्रेम वाळूने घासून, रंगवून, कापडात गुंडाळून ठेवलेली, आरशासारखी. बाकी सगळं डब्यांत. गिअरबॉक्सचे शिम, म्हणजे फट भरणाऱ्या पातळ चकत्या, एका बरणीत एकत्र, कुठला कुठे याची खूण नाही. त्याला वाटलं होतं लक्षात राहील. मग नोकरी बदलली, घर बदललं, खोकी तेवढी बरोबर फिरत राहिली. मी ती घेतली तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते आणि मला आपण मोठे शूर वाटलो होतो. ती गाडी आजतागायत रस्त्यावर आलेली नाही. माझे गुडघे किक मारण्याजोगे होते ती वर्षं मी त्या बरण्या चाळण्यात घालवली. सुटी गाडी दिसायला आटोपशीर दिसते, कामही पुढे गेल्यासारखं वाटतं. पण खोक्यातल्या गाडीला किक बसत नाही.

तर आता पिस्टन. किकवर उभं राहून नाचायचं नाही. किकचे दाते तुटले तर एका दुखण्याची दोन होतील. तुझं इंजिन साइड व्हॉल्व्ह आहे, हे तुझं नशीब. व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला बसतात, वरचं हेड म्हणजे नुसतं झाकण. त्याचे बोल्ट काढले की हेड उचलता येतं, व्हॉल्व्हला धक्काही लागत नाही. बोल्ट मात्र गंजलेले असणार. दोन-तीन दिवस तेल मुरू दे. मग पाव वळसा सोडव, पुन्हा आवळ, पुन्हा सोडव. करकर आवाज आला की थांब, परत तेल. एकदम जोर लावलास तर बोल्टचं डोकं हातात येईल आणि शेपूट आत राहील.

आणि मिलिमीटरचे पाने पेटीत परत ठेव. "जवळपास बसतो" असं तू लिहिलंस ते वाचून मला कसंतरीच झालं. जवळपास बसणारा पाना नटाचे कोपरे खातो. या गाडीवर व्हिटवर्थ मापं आहेत, जुनी इंग्रजी. जोसेफ व्हिटवर्थने 1841 साली मांडलेली पद्धत, आट्याचा कोन 55 अंश. मेट्रिकचा 60. त्या पान्यावर लिहिलेला आकडा नटाच्या रुंदीचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. म्हणून पट्टीने नट मोजून पाना शोधत बसलीस तर वेड लागेल. त्यातून बीएसएने बऱ्याच ठिकाणी सायकल थ्रेड वापरलाय, इंचाला 26 आटे. तेव्हा प्रत्येक नट त्याच्याच बोल्टवर परत चढव. हाताने दोन वळसे सहज गेला नाही तर तो त्याचा नाही, पाना लावून घुसवू नकोस.

हेड निघालं की सिलिंडर डिझेलने काठोकाठ भर आणि काठावर पेन्सिलने खूण कर. दुसऱ्या दिवशी पातळी बघ. खाली गेली असेल तर डिझेल रिंगांच्या कडेने झिरपतंय, म्हणजे गंज वाट देतोय. नसेल गेली तर आणखी थांब. मग गाडी टॉप गिअरमध्ये टाक आणि मागचं चाक हाताने पुढे-मागे ढकल, थोडं पुढे, थोडं मागे. पहिल्यांदा हललं की आवाज येत नाही, फक्त डिझेलच्या पृष्ठभागावर एक बारीक थरथर दिसते. तिथे अधाशीपणा करू नकोस. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा अडकलेला असेल तर त्याच्या गाइडमध्येही, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीतही, तेल सोड आणि लाकडाच्या ठोकळ्यावरून हलके ठोक.

हे चालू असताना तुला गिअरबॉक्स उघडायचा मोह होणार. "नाहीतरी थांबलेच आहे, तर..." या "नाहीतरी"नेच तो खोकीवाला बुडाला. एक मिटल्याशिवाय दुसरं उघडू नकोस.

वायरिंगचंही तेच. फोटोत तू हेडलाइटची वाटी काढून ठेवलेली दिसते. का? या गाडीवर मॅगडायनो आहे, खाली मॅग्नेटो, वर डायनॅमो. मॅग्नेटो स्वतःची ठिणगी स्वतः तयार करतो. बॅटरी नको, दिवा नको, एक वायर धड नसली तरी इंजिन चालू होऊ शकतं. वाटी परत लाव. प्लग काढून हेडला टेकव, मॅग्नेटोतल्या उघडझाप करणाऱ्या पॉइंटचा गॅप इंचाच्या हजारातले बारा भाग, म्हणजे 0.30 मिलिमीटर ठेव आणि इंजिन जोरात फिरवून अंधारात बघ. ठिणगी मिळाली तर मॅग्नेटोला हात लावू नकोस. थंड असताना ठिणगी आणि इंजिन तापलं की गुल, असं झालं तर बहुधा आर्मेचरच्या, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या गुंडाळीच्या, पोटातला कंडेन्सर गेलेला असतो. ते काम वाइंडिंगवाल्याचं, तुझं-माझं नाही. मॅग्नेटो उघडावाच लागला तर आर्मेचर ओढण्याआधी पिकअप (ठिणगीची वीज बाहेर आणणारा तुकडा) आणि सेफ्टी गॅपचा स्क्रू बाहेर काढ. ते राहिले की आर्मेचरवरची स्लिप रिंग कडकन तुटते.

तेल. एम20 ला तेलाची टाकी वेगळी आहे. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की टाकीतलं तेल पंपातून झिरपत क्रँककेसमध्ये, इंजिनाच्या तळाच्या पेटीत, उतरतं. खालची प्लेट काढ, जाळी बघ, निघेल तो काळा चिखल पुसून घे. आधी न काढता चालू केलीस तर धुराने शेजारी गोळा होतील. चालू झाल्याबरोबर तेलाच्या टाकीचं झाकण उघड आणि आत डोकाव. परतीच्या नळीतून तेल थुंकल्यासारखं, बुडबुड्यांसकट पडायला हवं, कारण परतीचा पंप पाठवणाऱ्या पंपापेक्षा जास्त ओढतो. ते दिसलं नाही तर इंजिन तिथल्या तिथे बंद. विचार मग.

पेट्रोलची टाकी गंजलेली आहे, ठाऊक आहे. सध्या राहू दे. बाटली उंचावर टांगून नळीने कार्ब्युरेटरला पेट्रोल दे. घट्ट बांध, पेट्रोल गळून गरम इंजिनावर पडता कामा नये.

एक गोष्ट तू विचारलीच नाहीस, म्हणून रागावून सांगतो. ब्रेकचे ड्रम उघडशील तेव्हा आतली धूळ फुंकू नकोस, हवेने उडवू नकोस. त्या काळच्या ब्रेक लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं, त्याची धूळ फुफ्फुसांना घातक. मास्क लाव, ओल्या फडक्याने पूस, फडकं पिशवीत बंद करून टाक.

आता रंग, कारण त्याशिवाय तुझं समाधान होणार नाही. माझ्या स्वतःच्या गाडीची टाकी तू बघितली आहेस. चेपलेली, तीन रंगांचे पापुद्रे, गुडघे घासून घासून लोखंड दिसणारी. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात लोक तिच्याकडे बघत नाहीत. एक गृहस्थ दर वेळी भेटले की विचारतात, "अजून रंगवली नाहीत?" त्यांची गाडी आरशासारखी आहे आणि टेम्पोतून येते. इंजिन चालू करत नाहीत, एक्झॉस्टचा पाइप निळा पडेल म्हणून! माझी स्वतःच्या चाकांवर येते, पावसात येते आणि त्याच चाकांवर घरी जाते. मी आळशी आहे म्हणून ती रंगवली नाही असं घरातही म्हणतात. म्हणोत. मूळ रंग एकदा घासला की परत मिळत नाही, तो न घासण्याला मी आळस म्हणायला तयार नाही. बरं, थोडा आळसही असेल, पण तो कारण नव्हे. आणि तिला बघायला कोणी थांबत नाही याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही, हे मी त्या गृहस्थांना कितीदा सांगू!

असो. तुझ्या गाडीवर वरचा काळा रंग नंतरचा आहे. सीटखाली किंवा टाकीच्या पट्ट्याखाली बोटभर जागा ब्लेडने हलकी खरवड, थर मोज, फोटो काढ आणि थांब. निर्णय गाडी शंभर-दोनशे किलोमीटर चालल्यावर. तोवर कुठला ब्रॅकेट तडकलाय, फ्रेम कुठे वाकलीय, काय परत काढावं लागणार, हे तुला कळलेलं असेल. ताज्या रंगावर पाना घसरला की काय वाटतं ते विचार त्या टेम्पोवाल्यांना.

पिस्टन सुटला की चाकाने फिरवत तळाला ने, सिलिंडर पूस आणि काठाखालून नख फिरव. रिंग जिथपर्यंत येते तिथे पायरी लागेल. सिलिंडरचा मूळ व्यास 82 मिलिमीटर. त्या पायरीच्या जरा खाली एकदा पुढून-मागे आणि एकदा आडवं मोज, मग तळाजवळ पुन्हा तसंच. बोअर गेजने मोज, व्हर्नियरने नको. चारही आकडे मला कळव. सिलिंडर बोअर करायचा, म्हणजे आतून कातून मोठा करायचा, की नुसत्या रिंगा बदलायच्या ते त्यावर ठरवू, आणि तोपर्यंत हेड वर फडकं टाकून तिथेच ठेव.

तुझा,
काका